येळवसीची रजा

‘ये कौनसा फेस्टिवल है?’ मॅनेजरनं विचारलं.

त्याची काही चूक नाही. तो इंदूरचा. आणि मी रजेच्या अर्जात कारण म्हणून सरळ ‘येळवस’ असं लिहून मोकळी झाले होते. तारीख ३० डिसेंबर २०२४, वार सोमवार. म्हणजे क्लायंट सुट्टीवर, आपण मात्र रिलीज सांभाळत बसलेले. अशा वेळी रजा मागायची तर कारण तरी दणदणीत पाहिजे. सख्ख्या बहिणीचं लग्न, आजीचं ऑपरेशन वगैरे. मी म्हटलं, ‘सर, हमारे लातूर में उस दिन सब लोग खेत में जाकर खाना खाते हैं.’

‘मतलब पिकनिक?’

‘हां, पिकनिक. पूरे जिले की.’

यात खोटं काहीच नव्हतं बरं का. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरमध्ये येऊन बघा. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी तिथे कुत्रीसुद्धा कंटाळलेली दिसतात. शटर बंद, क्लासेस बंद (लातुरात क्लासेस बंद, म्हणजे समजून घ्या!), कलेक्टरसाहेबांनी स्थानिक सुट्टी जाहीर केलेली. सगळी माणसं रानात. ज्याला रान नाही तो मित्राच्या रानात. ज्याला मित्र नाही तो रस्त्यानं नुसता चालत निघाला तरी पुरतं, कोणीतरी बांधावरून हाक मारतंच.

पुस्तकातलं नाव वेळ अमावस्या किंवा दर्शवेळा अमावस्या. आम्ही म्हणतो येळवस. शब्द कानडीतून आलाय यावर सगळ्यांचं एकमत आहे, पुढे भांडण आहे. कोणी म्हणतं कानडीत ‘एळु’ म्हणजे सात, पेरणीपासूनची ही सातवी अमावस्या. कोणी म्हणतं ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, कारण बिदर-कलबुर्गीकडेही हीच अमावस्या तिळाच्या नावानं करतात. आमचे अण्णा निवृत्त शिक्षक. ते दोन्ही अर्थ सांगतात आणि शेवटी म्हणतात, ‘भज्जी खा.’

पुण्यातल्या मित्रमैत्रिणींचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. ‘तुमच्याकडे थंडी पडते?’ मराठवाडा म्हटलं की यांच्या डोळ्यांसमोर काय येतं, तर १९९३ चा भूकंप, २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे आणि बोर्डाचा रिझल्ट. आमच्याकडेही डिसेंबर येतो, पहाटे तोंडातून वाफ निघते, आजी वाकळीतून हात बाहेर काढत नाही, हे त्यांना खरंच वाटत नाही. लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. पारा दहाच्या आसपास यायला आम्हाला महाबळेश्वरला जावं लागत नाही. आता दुपारी बारा वाजता स्वेटर काढून कमरेला बांधावा लागतो, ते मान्य. पण म्हणून काय ती थंडी नाही?

हा प्रश्न मी पुणेकरांना ठणकावून विचारू शकते. दादाला नाही विचारू शकत.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. गेली सहा वर्षं तो फिनलंडमध्ये औलू नावाच्या गावात आहे. नकाशात हेलसिंकी शोधा आणि तिथून बोट सरळ वर सरकवत न्या, सहाशेएक किलोमीटर. ध्रुववृत्ताच्या जरा अलीकडे, गोठलेल्या समुद्राच्या काठावर. नोकियामुळे मोबाइलवाल्या इंजिनिअरांना हे गाव माहीत असतं. डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेदहाला उगवतो आणि सव्वादोनला मावळतो. तेवढ्या वेळातही तो वर चढत नाहीच, कंपाउंडवरून डोकावल्यासारखा करतो आणि जातो. मी ‘आज बारा डिग्री, मेले थंडीनं’ असा मेसेज टाकला की दादाचं उत्तर येतं, ‘इकडं जूनमधे असतंय तेवढं.’

पहिल्या वर्षी त्याचे फोन ऐकून आई रडायची. दार उघडलं की नाकातले केस गोठतात म्हणे. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. कोटाला रिफ्लेक्टर लटकवून फिरायचं, नाहीतर गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. डॉक्टरांनी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सांगितल्या. लातूरच्या पोराला ऊन गोळीतून घ्यावं लागतंय, हे अण्णांना इतकं लागलं की त्यांनी चार दिवस कोणाला सांगितलंच नाही.

पुढे पुढे मात्र दादाच्या बोलण्यात दुसरंच काही यायला लागलं. तिथली शाळकरी पोरं उणे पंधरामध्येही सायकलवरून शाळेत जातात. सायकलच्या वाटांवरचा बर्फ पहाटेच साफ केलेला असतो. सहा डिसेंबरला त्यांचा स्वातंत्र्यदिन, तेव्हा संध्याकाळी खिडकीत दोन-दोन मेणबत्त्या लावतात. ख्रिसमसच्या आधी दालचिनी-लवंग घातलेलं गरम पेय घेऊन ऑफिसात सगळे गप्पा मारतात. एरवी म्हणे लिफ्टमध्येही कोणी कोणाशी बोलत नाही. आणि सौना! पंचावन्न लाखांच्या देशात तीसेक लाख सौना आहेत. लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, घामानं निथळायचं आणि मग धीर असेल तर गोठलेल्या पाण्यात पाडलेल्या भोकात उतरायचं. दादानं एकदा हे केलं आणि व्हिडिओ पाठवला. आजीनं तो बघितला आणि म्हणाली, ‘लेकराला घरी बोलवा.’

तर असा आमचा घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप. अर्धा उणे पंधरात, अर्धा अधिक बारात.

आता खरी गोष्ट. आमचं औसा रोडला, शहरापासून बाराएक किलोमीटरवर, साडेतीन एकर रान आहे. आजोबांकडून आलेलं. सातबारावर अण्णांबरोबर दादाचं आणि माझंही नाव. अण्णा सत्तरीला आले, गुडघे गेले, रान बटईनं दिलेलं. शहर त्या बाजूला सरकत चाललंय, त्यामुळे दिवाळीपासून एक पार्टी मागे लागली होती. (आमच्याकडे जमीन घेणाऱ्याला पार्टी म्हणतात. त्याच्या घरी कितीही दुःख असो.) भाव बरा होता. आणि खरं सांगायचं तर विकायच्या बाजूनं सगळ्यात जास्त मी होते. पुण्यात एक टू बीएचके बघून ठेवला होता, बिल्डरला ‘जानेवारीत नक्की सांगते’ म्हटलं होतं. दादाचंही ‘विकून टाका’ असंच होतं. फक्त त्यासाठी मुखत्यारपत्र करायला त्याला हेलसिंकीला आपल्या वकिलातीत जावं लागणार होतं, आणि ते काही त्याला जमत नव्हतं. सप्टेंबरात काम होतं. ऑक्टोबरात सर्दी होती. नोव्हेंबरात बर्फ होता.

म्हणजे ही येळवस बहुधा आमच्या रानातली शेवटची. असं कोणी बोललं नव्हतं. पण आईनं दरवर्षीपेक्षा मोठं पातेलं काढलं होतं.

आजीला घेऊन यायचं म्हणून मी आधी नांदेड गाठलं. आजी म्हणजे आईची आई. शनिवारी रात्री ट्रॅव्हल्सनं निघाले, रविवारी पहाटे उतरले तर वजिराबादमध्ये चहाच्या गाड्याभोवती मफलरांची गर्दी. गोदावरीवर धुकं होतं. नांदेडला आल्यावर गुरुद्वाऱ्यात माथा टेकल्याशिवाय मामा पुढे जाऊ देत नाही. गुरू गोविंदसिंगजींचं निर्वाण १७०८ मध्ये इथेच झालं, त्यामुळे सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरहून रोज माणसं येत असतात. लंगरमध्ये माझ्या शेजारी एक पंजाबी आजी बसली होती. अंगावर साधी सुती ओढणी. माझ्या आजीच्या अंगावर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पंजाबी आजी हसून म्हणाली, ‘इत्थे ठंड कित्थे?’ माझी आजी मला हळूच म्हणाली, ‘हिला आजारी पडायचंय का?’ मला दादाची आठवण झाली. त्याच्यासमोर या पंजाबी आजीचं काय झालं असतं?

नांदेडहून लातूरचा रस्ता लोह्यावरून जातो आणि लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. येळवसीच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, तिथे खंडोबाची यात्रा सुरू होते. हे विसरून मामानं रविवारी दुपारी गाडी काढली. पुढचा दीड तास आम्ही उंटांच्या मागे होतो. खरेखुरे उंट! माळेगावच्या बाजारात घोडे येतात, उंट येतात, गाढवं तर देशभरातून येतात. शो-रूमबाहेर लोक गाड्या बघतात तसे तिथे लोक गाढवांचे दात बघत होते. एकीकडे लावणीच्या तंबूतून ढोलकी, एकीकडे ‘येळकोट येळकोट’, हवेत भंडारा, आणि मधोमध आमची अल्टो. मी उतरून एक घोंगडी घेतली. दुकानदार म्हणाला, ‘ताई, पुण्याला न्यायलाव का? ऊन लागलं की टोचती बघा.’ म्हटलं, अण्णांसाठी आहे. आंबिलीचं बिंदगं घोंगडी पांघरून डोक्यावर न्यायचं असतं आणि घरची घोंगडी उंदरांनी खाल्ली होती.

लातूरला पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात रणांगण होतं. येळवसीचा स्वयंपाक आदल्या रात्रीच सुरू होतो. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे पुणेकरांसाठी लिहून ठेवते. हरभऱ्याचे कोवळे दाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, ओले शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, लसणाची पात, गाजर, वांगं, थोडी चिंच, बोरं मिळाली तर बोरं. त्या आठवड्यात रानात जे जे हिरवं आहे ते सगळं पातेल्यात, आणि वरून डाळीचं पीठ लावून हलवत राहायचं. खांदे दुखेपर्यंत. हिला एक चव नसते. प्रत्येक घासाला वेगळं काहीतरी दाताखाली येतं. जोडीला बाजरीचे उंडे. वाफवलेले, गोल, फिके, हातात घेतले तर कोणाला मारता येतील असे. ते भज्जीत कुस्करले की मग त्यांची खरी करामत कळते. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण लावलेली. ती रात्रभर आंबते. गव्हाचा खिचडा, शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे. शेजारच्या तीन काकू, त्यांच्या सुना आणि मी अशा सात जणी रात्री एकपर्यंत शेंगा सोलत होतो. कोणाच्या फ्लॅटचा हप्ता किती, कोणाची नणंद कशी, सगळं सोलून झालं. रानाचा विषय मात्र कोणी काढला नाही. सगळ्यांना माहीत होतं.

एका काकूंनी फक्त विचारलं, ‘कडबा कुठून आणला गं यंदा?’

तिथे आईचा हात थांबला. कोप ज्वारीच्या कडब्याची करतात. पेंढ्या उभ्या करून, वर बांधून, माणसाच्या छातीइतकी खोपटी. आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे. पूर्वी कडबा विचारायचा प्रश्नच नव्हता, घराच्या मागे गंजी असायची. आता आमच्या शिवारात खरिपाला सोयाबीन, रब्बीला हरभरा. ज्वारीची काढणी करायला माणूस मिळत नाही. आणि शिवारात एकट्यानंच ज्वारी पेरली तर सगळ्या गावची पाखरं त्याच्या एकट्याच्या रानात उतरतात. बटईदार काका म्हणतात, ‘मी काय पाखरांची खानावळ काढलीय का?’ तर कडबा विकत आणला होता. पाच पेंढ्या, अण्णा स्वतः जाऊन, घासाघीस न करता.

सोमवारी सकाळी नऊला आम्ही निघालो. औसा रोडवर नुसती रांग. टेम्पो, जीप, बुलेट, एक बैलगाडीसुद्धा (तिच्यावर सेल्फी काढायला गर्दी). प्रत्येक गाडीत एक तरी पातेलं कोणाच्या तरी मांडीवर. आमच्या गाडीत ते माझ्या. जीन्सवर भज्जीचा डाग पडला, तो अजून आहे.

रानात पोचल्यावर अण्णांनी चपला बांधावर काढल्या. सत्तर वर्षांचा गुडघेदुखीचा माणूस नवी घोंगडी पांघरून, डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन हरभऱ्यातून चालत कोपीपर्यंत गेला. मी धरायला गेले तर म्हणाले, ‘सोड.’ कोपीवर आईची हिरवी साडी घातली, पांडवांपुढे नैवेद्य मांडला. मग चर शिंपायचा. म्हणजे एकानं आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि बाकीच्यांनी मागून ओरडायचं. जे ओरडायचं ते अर्धं कानडी, अर्धं कसलंतरी. लहानपणापासून ओरडतोय, अर्थ कोणालाच धड सांगता येत नाही. दादा आणि मी यात स्पर्धा लावायचो. आवाज पलीकडच्या बांधापर्यंत गेला की तिकडूनही उत्तर यायचं.

बारा वाजता दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेआठ. काळोख. तो सायकल हातात धरून ऑफिसच्या वाटेवर उभा होता. टोपीखाली नुसते डोळे, भुवयांवर पांढरं. मागे रस्त्यावरचे दिवे आणि बर्फ. इकडे आमच्या डोक्यावर असं कडक ऊन की स्क्रीन दिसेना. मी फोन ओढणीखाली धरला आणि अण्णांच्या मागून चालायला लागले. एवढ्यात तिकडून दादा ओरडला. चर शिंपतानाचं तेच. पूर्ण ताकदीनं. त्याच्या मागून एक बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती जागच्या जागी थांबली. फिनलंडमध्ये रस्त्यावर ओरडत नाहीत, हे मला तोपर्यंत चांगलंच माहीत झालं होतं. दादा मात्र थांबला नाही. रेंज जाईपर्यंत ओरडत होता.

जेवायला बसलो तर बांधावरून एक पांढरी गाडी आली. पार्टी! सोबत आणखी दोन माणसं. ‘चाललोतो इकडून, म्हटलं गुरुजींना भेटावं.’ मी अण्णांकडे बघितलं. एरवी अण्णा त्याला दारातच दोन शब्द बोलून वाटेला लावतात. पण येळवसीला रानात आलेला माणूस जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, मग तो कोणीही असो. अण्णा म्हणाले, ‘जेवल्याबिगर कुठं जाऊलालाव? बसा.’

तो बसला. आमच्या कोपीच्या सावलीत, आमच्या सतरंजीवर. आईनं पत्रावळ मांडली. माणूस वाईट नव्हता हो. बोलायला मिठ्ठास, आजीच्या पाया पडला. भज्जी तीन वेळा मागून घेतली. म्हणाला, त्याच्या आईच्या हातची अशीच असायची. त्यांचं रान हायवेत गेलं, आता अपार्टमेंटच्या टेरेसवर येळवस करतात, कुंडीत कोप. हे सांगताना त्याचा आवाज जरा वेगळा झाला. आणि त्याच वेळी त्याचे डोळे मात्र रस्त्याच्या कडेनं फ्रंट किती येतो ते मोजत होते. मला ते ओळखू आलं, कारण सकाळी तिथे उतरल्यावर मीही तेच केलं होतं. रोडटच किती, प्लॉट किती पडतील, माझ्या वाट्याला किती.

जाताना त्यानं विचारलं, ‘मग गुरुजी, संक्रांतीनंतर बसू या का?’ अण्णा हात धूत होते. म्हणाले, ‘आंबील घेतली का?’

दुपारी उनात सतरंजीवर आडवं व्हायचं, याच्यासारखी झोप जगात नाही. पुण्यात आम्ही ‘पॉवर नॅप’ घेतो. हा नॅप नव्हे. आजी कानटोपी न काढता घोरत होती. पोरं हरभऱ्याचे डहाळे भाजत होती आणि तोंड काळं करून घेत होती. हुरड्याला अजून वेळ होता, आणि आमच्याकडे तर कणीसच नाही. मग गोवऱ्यांवर मडक्यात दूध ठेवलं. ते उतू जाऊ द्यायचं. ज्या दिशेला जाईल त्यावरून पुढच्या वर्षीच्या पिकाचा अंदाज. दूध पूर्वेला गेलं. सगळे खूश. मामानं हळूच सांगितलं की मडकंच पूर्वेला कललं होतं.

संध्याकाळी पावणेसहाला दादाचा फोन. आता ऑफिसच्या मागच्या पार्किंगमधून. तिकडे सव्वादोन वाजले होते आणि त्याच्या मागे, झाडांच्या वर बोटभर अंतरावर, सूर्य बुडत होता. मी फोन वळवून आमचा दाखवला. औसा रोडच्या पलीकडे, तारांच्या मधोमध, तांबडा. तोही बुडतच होता. दोघांनी आधी बघितलं आणि मग हिशोब केला. घड्याळात साडेतीन तासांचा फरक, पण सूर्य दहा-पंधरा मिनिटांच्या आत दोन्हीकडे जाणार. त्याचा पावणेचार तास फिरून, आमचा अकरा तास. दादा म्हणाला, ‘बारके, सहा वर्षांत हे कसं लक्षात नाही आलं?’ मी म्हटलं, ‘तू या वेळेला फोन कधी करतोस?’

मग हेंडगा पेटवला. उरलेला कडबा बांधून, पेटवून, रानाभोवती पळत फिरवायचा. विकतचा कडबा, पण जळतो तेवढाच झकास. यंदा तो घेऊन कोण पळणार यावर जरा वेळ गेला. दरवर्षी दादा पळायचा, तो गेल्यापासून चुलतभाऊ. या वर्षी मी पळाले. ओढणी आईकडे दिली आणि हरभऱ्याच्या कडेकडेनं पूर्ण साडेतीन एकर. सातबारावर नाव आहे म्हणून मी पहिल्यांदाच त्या रानाला पूर्ण फेरी मारली असेन. तोपर्यंत चारी बाजूंच्या शिवारात तसेच जाळ पळत होते. फोन आईच्या हातात होता, तिनं तो उलटा धरला होता. दादाला म्हणे नुसतं तिचं कानातलं दिसत होतं.

परत आले तेव्हा दादा अण्णांशी बोलत होता. मी शेवटचंच ऐकलं.

‘अण्णा, पार्टीला पुढच्या येळवसीपर्यंत थांबवता येईल का?’

‘तू येणार का पुढच्या येळवसीला?’

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. नुसता बर्फावर बुटांचा करकर आवाज. मग तो म्हणाला, ‘बघतो. तिकीट बघतो.’

‘बघ,’ अण्णा म्हणाले, आणि फोन माझ्याकडे दिला.

३१ तारखेला संध्याकाळी मी पुण्यात. मैत्रिणीच्या गच्चीवर पार्टी, फेअरी लाइट्स, इव्हेंटवाल्याकडून आणलेले हीटर. (बाहेर पंधरा डिग्री!) माझ्या पिशवीत भज्जीचा डबा. मायक्रोवेव्हमध्ये गरम केली, उंडे फोडले, सगळ्यांनी आधी नाकं मुरडली आणि साडेदहाला डबा रिकामा. मॅनेजरही होता. तो बोटं चाटत म्हणाला, ‘नेक्स्ट इयर किस डेट को है?’ मी म्हटलं, ‘उन्नीस दिसंबर. फ्रायडे.’ कॅलेंडर मी प्रवासातच बघून ठेवलं होतं. बिल्डरचे दोन मिस्ड कॉल होते, त्याला फोन केला नव्हता.

बाराला पाच कमी असताना ग्रुपवर दादाचा फोटो आला. एका कढईत काहीतरी हिरवं. फ्रोझन मटार, फ्रोझन बीन्स, गाजर, पालक आणि डाळीचं पीठ. खाली लिहिलं होतं, ‘भज्जी जमली. आंबील नाही जमली, इथं ज्वारीचं पीठ मिळंना. दोन किलो कुरिअर करता का?’

अण्णा त्या वेळी जागे असतील असं वाटलं नव्हतं. पण त्यांचं उत्तर लगेच आलं.

‘करतो. उद्या दुकानं उघडली की विकत आणतो.’